रक्ताचा रंग

रक्ताचा रंग : निरोगी माणसाच्या अंगातले रक्त सर्वकाळ लालच असते. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन निघालेले रक्त भडक, किंचित शेंदरी झाक असलेले असते. अंगभर प्राणवायू वाटून परतणारे रक्त कोकमाच्या आगळासारखे काळपट लाल असते. निळे रक्त माणसाच्या शरीरात कुठेच नसते. तरीही मनगटावरच्या शिरा निळसर-हिरवट दिसतात, आणि त्यावरून ‘रक्त आत निळे असते, हवा लागली की लाल होते’ हा समज शाळेपासून पक्का बसतो.

मराठीने तर तो नावातच बांधून ठेवला आहे. हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी रोहिणी आणि हृदयाकडे आणणारी नीला. संस्कृतात रोहिणी म्हणजे तांबडी. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत एक नळी लाल आणि दुसरी निळी रंगवली, वर ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ रक्त अशी जोडी दिली, की शंकेला जागाच उरत नाही. ही नावे फुप्फुसापाशी मात्र उलटी पडतात. फुप्फुस-रोहिणीतून काळपट रक्त जाते आणि फुप्फुस-नीलेतून भडक लाल रक्त येते.

रंगाचे मूळ तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. एका पेशीत याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत हीमचे ४ गट. हीम म्हणजे पोर्फिरीन नावाचे कडे आणि त्याच्या मधोमध बसलेला लोहाचा अणू. ‘लोह आहे म्हणून रक्त गंजासारखे लाल’ हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. प्रकाश शोषण्याचे मुख्य काम ते कडे करते. लोहाला प्राणवायू चिकटला की सुटला, यावर छटा बदलते. निळा आणि हिरवा प्रकाश दोन्ही अवस्थांत भरपूर शोषला जातो, म्हणून दोन्ही वेळा लालच उरतो. शिवाय विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही ७० ते ७५ टक्के हिमोग्लोबिन प्राणवायू धरून असते. ‘अशुद्ध’ हा शब्द त्या रक्तावर अन्यायच करतो.

काळपट रक्त भडक कुठे होते, हे इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून त्यांनी सिद्ध केले, की हा बदल हृदयात होत नाही, फुप्फुसात हवेशी गाठ पडल्यावर होतो. हवेने रक्ताचा रंग उजळतो ही गोष्ट खरीच आहे. निळ्याचा लाल होतो ही भर मागाहून पडली. या समजाची परीक्षा रक्त तपासायला गेल्यावर रोज होते. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या खळीत सुई घालतात आणि हवा काढून घेतलेल्या बंद नळीत रक्त भरते. हवेचा संबंध नाही, तरी नळीत येते ते गडद लाल.

मग शीर निळी का दिसते? हा खेळ कातडीचा आणि डोळ्याचा आहे. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट दाबून धरले तर बोट निखाऱ्यासारखे लाल उजळते, कारण लाल प्रकाश मांसातून काही मिलिमीटर सहज आत जातो. निळा वरच्या थरांतच विखुरतो आणि परततो. शीर थोडी खोल असेल तर लाल प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचतो आणि त्यातला बराचसा रक्तात शोषला जातो. निळ्याच्या परतीत तेवढा फरक पडत नाही. अल्विन कीन्ले आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या मोजमापांत तर शिरेवरूनही निळ्यापेक्षा लाल प्रकाशच जास्त परत येतो असे आढळले. शेजारच्या कातडीपेक्षा तिथे लाल कमी, म्हणून मेंदू तिला निळी ठरवतो. अगदी वरवरच्या बारीक केशवाहिन्या लालच दिसतात.

दोन छटांमधला फरक उपयोगीही आहे. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश प्राणवायूविना असलेले हिमोग्लोबिन कितीतरी जास्त शोषते. करोनाकाळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर हा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून सोडून त्यांची तुलना करतो. यामागचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले.

रंग खरोखर बिघडतो तो वेगळ्या कारणांनी. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट धरतो आणि रक्त चेरीसारखे लाल होते. माणूस गुदमरत असतो, रक्त मात्र टवटवीत दिसते. हीममधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण झाले तर मेटहिमोग्लोबिन बनते, रक्त चॉकलेटी होते आणि ओठ निळसर पडतात. त्यावरचे औषध मिथिलीन ब्लू, म्हणजे निळाच रंग! गंधक जोडले जाऊन बनणाऱ्या सल्फहिमोग्लोबिनमुळे रक्त हिरवट झाल्याचीही नोंद आहे. खरे निळे रक्त पाहायचे तर खेकडा किंवा ऑक्टोपस गाठावा लागतो. त्यांच्यात लोहाऐवजी तांब्याचे हिमोसायनिन प्राणवायू वाहते.

मुका मार लागून काळेनिळे पडते, तेव्हा कातडीखाली सांडलेले रक्तही लालच असते. पुढच्या दिवसांत हीमचे तुकडे होऊन हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन बनते, आणि डाग कडेकडेने हिरवट-पिवळा होत विरतो. काविळीत डोळे पिवळे करणारे द्रव्य हेच.