कंपनी सरकारपासून कंपनीतल्या माणसापर्यंत : मॅक्स बॅरी वाचण्याआधी

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मॅक्स बॅरीची 'कंपनी' वाचायची ठरली आणि लगेच दोघातिघांनी विचारलं : हा लेखक कोण, आणि ऑस्ट्रेलियातल्या माणसानं अमेरिकेतल्या ऑफिसवर लिहिलेली कादंबरी आपण कोल्हापुरात बसून का वाचायची? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर चिमासाहेब चौकात आहे.

सीपीआर दवाखान्याला जाताना आपण त्या चौकातून जातो, पण ते नाव कुणाचं हे आठवत नाही. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांवर इंग्रजांचा संशय होता. पुढं त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. ती पलटण इंग्लंडच्या राणीची नव्हती, ईस्ट इंडिया कंपनीची होती. पगार कंपनीचा, बंदूक कंपनीची, शिक्षा देणारीही कंपनीच. भागधारकांना लाभांश वाटणारी, मूळची एक व्यापारी पेढी इथं राज्य करत होती. १८५८ मध्ये तो कारभार राणीकडं गेला, पण 'कंपनी सरकार' हा शब्द मराठीत राहिला.

हे आधी सांगितलं, कारण बॅरीच्या ज्या कादंबरीनं त्याचं नाव झालं, त्या 'जेनिफर गव्हर्नमेंट'मध्ये (२००३) नेमकं हेच जग आहे. तिथं कर रद्द झालेत, पोलीस ही खाजगी कंपनी आहे. खून झाला तर तपासाचा खर्च द्यायला सरकार मेलेल्याच्या घरच्यांनाच सांगतं. माणसाचं आडनाव म्हणजे तो जिथं नोकरी करतो त्या कंपनीचं नाव. मुलांना शाळेचं आडनाव, कारण शाळाही कंपन्यांच्याच. नायिका सरकारी नोकरीत आहे, म्हणून ती जेनिफर गव्हर्नमेंट. तिकडच्या वाचकानं ही उद्याची कल्पना म्हणून वाचली. आपण वाचताना मागचं पुस्तक उघडल्यासारखं होतं. आणि आडनावाचं म्हणाल तर आपापला मोबाइल उघडून बघा. 'सचिन फौंड्री', 'पाटील बँक', 'अमित एमआयडीसी' अशीच नावं सेव्ह केलेली असतात. माणूस ओळखायला आपण त्याचं काम पुढं लावतोच. बॅरीनं फक्त ते कागदोपत्री केलं.

आता लेखकाविषयी. जन्म १९७३, ऑस्ट्रेलियाचा. लिहायला लागण्याआधी तो ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोठ्या कॉम्प्युटर यंत्रणांच्या विक्रीचं काम करत होता आणि त्या नोकरीत असतानाच त्यानं पहिली कादंबरी लिहिली. माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथं आहे. टार्गेट, अप्रेझल, सोमवारची मीटिंग, साहेबाचा बदललेला आवाज यातलं त्यानं काहीच ऐकीव लिहिलेलं नाही. १९९९ च्या 'सिरप'मध्ये एका तरुणाला शीतपेयाची जबरदस्त कल्पना सुचते आणि नोंदणीच्या वेळी कळतं की खोलीतल्या मित्रानं ती आधीच स्वतःच्या नावावर केली आहे. मार्केटिंगच्या जगावरची ही कादंबरी त्यानं स्वतःचं नाव 'Maxx' असं, एक्स दोनदा लिहून छापली होती. पुढच्या पुस्तकांवर तो जादाचा एक्स नाही.

'जेनिफर गव्हर्नमेंट' येण्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर २००२ मध्ये, पुस्तकाची ओळख व्हावी म्हणून त्यानं 'नेशनस्टेट्स' नावाचा इंटरनेटवरचा खेळ सुरू केला. खेळणाऱ्यानं आपला देश काढायचा आणि समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घ्यायचे. तो खेळ पुस्तकाच्या जाहिरातीपुरता न राहता वर्षानुवर्षं चालू राहिला. पुस्तकाचं नावही न ऐकलेली मुलं तो खेळतात.

त्या कादंबरीतला एक प्रसंग मला सोडत नाही. हॅक नावाचा एक खालच्या जागेवरचा नोकर वरच्या साहेबांनी पुढं केलेला करारनामा न वाचता सही करतो. नंतर त्याला कळतं की त्यात माणसं मारायचं काम लिहिलेलं आहे. नव्या बुटांची चर्चा व्हावी म्हणून. शिरोलीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागलो तेव्हा माझ्यापुढंही अपॉइंटमेंट लेटर आलं होतं. मधल्या पानावर बारीक अक्षरं होती. पत्र देणारे साहेब बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते आणि जिथं जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली होती. मी सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या. कोणत्या अटींवर केल्या हे मला तीन वर्षांनी, नोकरी सोडताना समजलं. बॅरी खोटं लिहीत नाही, एवढंच सांगतो.

२००६ ची 'कंपनी' ही आपली कादंबरी. सिएटलमधली झेफर होल्डिंग्ज. स्टीफन जोन्स हा नवा मुलगा तिथं प्रशिक्षण विकणाऱ्या विभागात लागतो आणि त्याला कळतं की हा विभाग आपलं प्रशिक्षण त्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागांना विकतो. कंपनी नक्की करते काय, हे कुणालाच माहीत नाही आणि विचारायची सोयही नाही. सुरुवात एका डोनटनं होते. सोमवारी सकाळी डोनट मोजून एक कमी निघतो, आणि कुणी खाल्ला यावरून जे सुरू होतं ते नोकरी जाण्यापर्यंत पोचतं. ज्यानं ऑफिसात दिवस काढलेत त्याला हे अतिशयोक्त वाटणार नाही. आमच्याकडं शनिवारी चारला कांदाभजी यायची. एकदा एक पुडी कमी आली, आणि स्टोअरमधले दोघं, वीस वर्षांचे शेजारी, दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पुडी हे निमित्त होतं. त्या महिन्यात एकालाच इन्क्रिमेंट मिळालं होतं. बॅरीला हे कळतं. शेवट मी सांगत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. 'मशीन मॅन' त्यानं आधी इंटरनेटवर रोज एक पान अशी लिहिली. पुस्तक २०११ मध्ये आलं. अपघातात पाय गेलेला इंजिनिअर स्वतःसाठी खऱ्यापेक्षा चांगला पाय बनवतो, मग दुसरा पायही नकोसा होतो, आणि कंपनीला त्यात नवा माल दिसतो. २०१३ च्या 'लेक्सिकॉन'मध्ये शब्द वापरून दुसऱ्याचं मन ताब्यात घेणारी संघटना आहे. २०२० ची 'प्रॉव्हिडन्स' अवकाशयानात घडते, आणि तिथंही जनतेला दाखवण्यासाठी प्रतिमा सांभाळावी लागते. कल्पना, आडनाव, ऑफिसातला दिवस, शरीर, भाषा : कंपनी माणसात एकेक पायरी आत शिरते. त्याची पुस्तकं क्रमानं वाचण्यात हाच फायदा आहे.

मराठीत ऑफिसावर विनोद झालाच नाही असं नाही. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव आहे, पु. लं.च्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी आहे. पण तिथं आपण कारकुनाच्या घरात, चाळीत, बायकामुलांत रमतो. कंपनी ही पगार येण्याची जागा म्हणून मागं राहते. ह. मो. मराठ्यांनी कंपनीचं जग कादंबरीत आणलं, मात्र हसवायला नव्हे. कंपनीलाच समोर बसवून तिच्यावर हसणारी मोठी मराठी कादंबरी मला अजून भेटलेली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत मालक स्वतः लेथवर उभा असायचा, जेवणाचा डबा कामगारांबरोबर उघडायचा. तिथं असलं लेखन सुचणं अवघडच होतं. आता आपली मुलं हिंजवडीत आहेत आणि त्यांचा मालक कोण हे त्यांनाही सांगता येत नाही. ती कादंबरी कदाचित त्यांच्यातलंच कुणी लिहील. मी तिची वाट पाहतोय.

गटासाठी सूचना एवढीच : निदान पहिली पन्नास पानं वाचून या, आणि घरात सापडलं तर आपापलं पहिलं अपॉइंटमेंट लेटरही बरोबर आणा.