गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पाळीखेरीज होणारा रक्तस्राव : आमच्या औषधालयाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गर्भनिरोधक गोळ्यांचे पहिले पाकीट घेऊन गेलेल्या अनेक भगिनी दहा-बारा दिवसांनी दुकानात परत येतात, इतर गिऱ्हाइके जाईपर्यंत थांबतात आणि मग हळू आवाजात विचारतात, ‘पाळी होऊन आठवडाच झाला, तरी पुन्हा डाग दिसतात. गोळी बंद करू का?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर सविस्तर लिहून प्रत्येक पाकिटासोबत द्यावे, असे आम्ही ठरवले. आपण ठरलेल्या वेळी रोज गोळी घेत असाल आणि केवळ थोडे डाग पडत असतील, तर गोळी मध्येच बंद करू नये. ती मध्येच सोडल्याने रक्तस्राव बहुधा वाढतो आणि गर्भ राहण्याची शक्यताही निर्माण होते.

माला-डी किंवा सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी माला-एन यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम अशी दोन संप्रेरके (हार्मोन्स) असतात, तर वेगळ्या रंगाच्या उरलेल्या ७ गोळ्या फक्त लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या चालू असताना येणारी पाळी अपेक्षितच असते. प्रश्न असतो तो त्याआधीच्या २१ दिवसांत दिसणाऱ्या रक्ताचा. ते कधी अंतर्वस्त्रावर तपकिरी डागाच्या रूपात दिसते, तर कधी एखादे पॅड लागेल इतके जाते.

असे का होते, हे समजले की भीती बरीच कमी होते. गर्भाशयाचे आतले अस्तर दर महिन्याला शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांच्या चढउतारानुसार वाढते आणि पाळीच्या रूपाने गळते. गोळी सुरू झाली की हा चढउतार थांबतो. गोळीतील प्रोजेस्टिनमुळे, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेलसारख्या संप्रेरकामुळे, अस्तर पातळ राहते आणि त्यातील बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, तर इस्ट्रोजेन (येथे एथिनिल इस्ट्राडिओल) त्या अस्तराला आधार देते. नव्या प्रमाणाशी जुळवून घेताना अस्तराचा एखादा भाग अधूनमधून सुटतो आणि थोडे रक्त दिसते. इस्ट्रोजेनच्या या आधाराचे महत्त्व पहिल्या गोळीवर काम करणाऱ्या संशोधकांना काहीसे योगायोगानेच कळले. त्यांच्या प्रोजेस्टिनमध्ये नकळत थोडे इस्ट्रोजेन मिसळलेले होते. ते काढून औषध शुद्ध केल्यावर मधला रक्तस्राव वाढला, म्हणून ते मुद्दाम परत घालण्यात आले. अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळालेल्या त्या गोळीत इस्ट्रोजेन ०.१५ मिलिग्रॅम होते. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी व्हावा म्हणून पुढे हे प्रमाण बरेच खाली आणले गेले, आणि आजच्या कमी मात्रेच्या गोळ्यांवर सुरुवातीला डाग पडतात ते काही अंशी त्यामुळेच. ०.०२ मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर हा त्रास ०.०३ च्या तुलनेत अधिक आढळतो. डाग दिसणे म्हणजे गोळी लागू पडत नाही, असा अर्थ मात्र मुळीच नाही. गोळी न चुकता घेतली असेल, तर डाग पडत असतानाही गर्भनिरोध पूर्ण असतो.

हा त्रास बहुतेकींना पहिल्या दोन-तीन पाकिटांपुरताच होतो, म्हणून आम्ही तीन महिने थांबण्याचा सल्ला देतो. दुसऱ्या महिन्यात गोळी बदलून घेण्याची घाई केली, तर नव्या गोळीशी जुळवून घेण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

डाग पडण्याचे आम्हाला सर्वाधिक आढळणारे कारण मात्र साधे आहे. गोळी चुकलेली असते किंवा रोज वेगवेगळ्या वेळी घेतलेली असते. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची गोळी लग्नकार्यात, प्रवासात किंवा माहेरी गेल्यावर हमखास राहते. एखादी गोळी राहिली तर आठवताक्षणी ती घ्यावी आणि पुढची तिच्या नेहमीच्या वेळी घ्यावी; एका दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा अधिक गोळ्या राहिल्या असतील, तर राहिलेल्यांपैकी शेवटची एकच गोळी लगेच घ्यावी, त्याआधीच्या टाकून द्याव्यात, पाकीट पुढे चालू ठेवावे आणि सलग सात दिवस गोळ्या नीट घेतल्या जाईपर्यंत निरोध वापरावा. ही चूक २१ गोळ्यांपैकी शेवटच्या सातांमध्ये झाली असेल, तर त्या संपल्यावर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात चूक झाली असेल आणि त्या सुमारास संबंध आला असेल, तर त्याच दिवशी आम्हाला किंवा डॉक्टरांना विचारावे. लोहाची गोळी राहिली तर काहीही बिघडत नाही. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी पोटात गेली नाही असे समजून दुसरी घ्यावी.

आपण दुसरी कोणती औषधे घेत आहात, हे आम्ही विचारतो ते उगीच चौकशी म्हणून नव्हे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधे यकृतात गोळीतील संप्रेरकांचा लवकर निचरा करतात. त्यामुळे रक्तस्राव तर होतोच, शिवाय गोळीचा भरवसाही राहत नाही, आणि रिफॅम्पिसिन बंद केल्यानंतरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. अशा ग्राहकांना तांबीसारखा दुसरा उपाय डॉक्टरांकडून समजून घेण्यास आम्ही सांगतो. सर्दी-खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांचा असा परिणाम होत नाही. धूम्रपान करणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही ते डॉक्टरांपासून लपवू नये. धूम्रपानाने मधला रक्तस्राव वाढतो, आणि वयाच्या ३५ वर्षांनंतर धूम्रपान करणाऱ्यांनी ही गोळी घेऊच नये.

गौरी-गणपतीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मोठी मागणी असते. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. आधीच गर्भनिरोधक गोळी चालू असलेल्या स्त्रीने त्या स्वतःच्या मनाने वरून घेऊ नयेत. तिला पाळी पुढे न्यायचीच असेल, तर लोहाच्या गोळ्या वगळून पुढचे पाकीट लगेच सुरू करण्याचा मार्ग असतो, मात्र तोही डॉक्टरांना विचारूनच अवलंबावा. आणि पहिल्या तीन महिन्यांत असे केल्यास ऐन पूजेच्या दिवशी डाग दिसण्याची शक्यता राहते, हे आधी सांगितलेले बरे. रक्त थांबवण्यासाठी दिले जाणारे ट्रॅनेक्सामिक अॅसिड गर्भनिरोधक गोळ्यांसोबत घेतल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ते शेजारणीच्या चिठ्ठीवर आम्ही देणार नाही. अशा डागांच्या दिवसांत पाळी धरायची की नाही, असेही काही जणी विचारतात. वैद्यकीयदृष्ट्या ही पाळी नव्हे. घरात काय पाळायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तातडीची, म्हणजे ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी घेतल्यानंतरही रक्तस्राव अनियमित होतो. तिच्यातील लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असते, म्हणजे रोजच्या दहा गोळ्यांइतके ते एकदम शरीरात जाते. अंगावर दूध पाजणाऱ्या मातांना दिल्या जाणाऱ्या केवळ प्रोजेस्टिनच्या गोळ्यांवर डाग अधिक काळ पडू शकतात. आठवड्यातून घ्यायची छाया ही गोळी संप्रेरकाची नाही. तिच्यामुळे पाळी लांबते किंवा कमी जाते, त्यामुळे वर सांगितलेले नियम तिला लागू करू नयेत.

पुढील परिस्थितीत मात्र आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जावे. दर तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव दोन तासांहून अधिक चालला, पोटात तीव्र दुखू लागले, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असला, संबंधानंतर प्रत्येक वेळी रक्त दिसू लागले, किंवा लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात पाळी आलीच नाही आणि आधी गोळ्या चुकलेल्या आहेत, तर तपासणी टाळू नये. शेवटच्या प्रसंगी लघवीची गर्भतपासणी प्रथम करावी. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी होणे किंवा नजर अंधुक होणे, यांचा डागांशी संबंध नाही. तरीही ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांनंतरही डाग पडतच राहिले, किंवा कित्येक महिने सारे सुरळीत असताना नव्याने पडू लागले, तर गर्भाशयातील गाठ, मांसाचा कोंब किंवा गर्भाशयमुखाचा संसर्ग नाही ना, हे डॉक्टर पाहतील आणि आवश्यक वाटल्यास गोळीची मात्रा बदलून देतील.

डॉक्टरांकडे किंवा आमच्याकडे येताना चालू पाकीट सोबत आणावे आणि ज्या दिवशी रक्त दिसले त्या तारखांवर घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. किती गोळ्या राहिल्या, हे पाकिटावरून लगेच कळते. आठवणीवरून सांगितलेला हिशेब बहुधा चुकतो. काउंटरवर इतरांसमोर बोलणे अवघड वाटत असल्यास ‘पत्रकाबद्दल विचारायचे आहे’ एवढेच म्हणावे, म्हणजे आमच्या भगिनी सहकारी आपल्याशी बाजूला बोलतील.