ऊन तोंडावरच पाहिजे असं काही नाही!

बाहेर पोर्ट्रेट काढताना सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागेच पाहिजे, म्हणजे ऊन थेट समोरच्याच्या तोंडावर, हा सल्ला नवशिक्यांना अजून दिला जातो आणि पोर्ट्रेटसाठी तो चुकीचाय. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांचं अपर्चर (उजेड आत येतो ते भोक) बारीक, शटरचा वेग ठरलेला, फिल्म स्लो म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील, त्यामुळे भरपूर ऊन लागायचंच. आता आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवता येतो, मग माणसाला डोळे मिचकवायला कशाला लावायचं? शिवाय समोरच्या उन्हात चेहरा सपाट दिसतो.

उलट त्याची पाठ सूर्याकडे करा, केसांना उजेडाची कड येते आणि चेहऱ्यावर मऊ प्रकाश राहतो. फक्त मागच्या उजेडाने कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा येतो, तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ च्या आसपास द्या नाहीतर चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे कॅमेरा फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजेल. मागचं आकाश पांढरं पडेल, पडू दे, इथे माणूस महत्त्वाचा. लेन्सला हूड (बाजूचं ऊन अडवणारी पुढची कड) लावा.

भर दुपारी मात्र सरळ सावलीच्या कडेला उभं करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. विरळ झाडाखाली नको, पानांतून गळलेले उन्हाचे ठिपके गालावर आले की एडिटिंगमध्ये काढता काढता जीव जातो.