ध्रुवीय अस्वल: प्रशिक्षण कोणते आणि एन्रिचमेंट कोणते?

प्राणिसंग्रहालयातील ध्रुवीय अस्वल पाळकाच्या इशाऱ्यावर जाळीला पंजा लावते आणि तासाभराने तेच अस्वल मासे गोठवलेला बर्फाचा ठोकळा फोडत बसते. या दोन्हींना सरसकट ‘एन्रिचमेंट’ (बंदिस्त प्राण्याच्या उपजत वृत्तींना वाव देणारी सोय) म्हणून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे, आणि ती चुकीची आहे.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगायला नको: इशारा, अपेक्षित कृती आणि लगेच मासा. पोर्टलंडच्या ओरेगन प्राणिसंग्रहालयातील तासुल ही मादी अशा सरावामुळेच भूल न देता पंजा पुढे करून रक्ताचा नमुना देत असे. मासा दोन्हींत असतो, पाळक दोन्ही वेळा जाळीबाहेरच असतो. ही साम्ये किरकोळ आहेत.

खरी गल्लत पुढे आहे. प्रशिक्षणात बरोबर उत्तर पाळकाने आधीच ठरवलेले असते. एन्रिचमेंटमध्ये काय करायचे, किती वेळ करायचे, मुळात करायचे की नाही, हे अस्वल ठरवते. सीलच्या श्वास घेण्याच्या भोकापाशी तासन्‌तास दबा धरणाऱ्या आणि बर्फाखालची शिकार वासावरून हुडकणाऱ्या या प्राण्याच्या उपजत वृत्तींना वाव मिळावा, म्हणून गवताच्या ढिगात खाणे लपवतात, आवारात अनोळखी वास सोडतात, पाण्यात पिंप टाकतात. परंतु वस्तू आत टाकली की काम झाले, असे मुळीच नाही. तेच पिंप महिनाभर तिथेच पडून राहिले, तर अस्वलाच्या लेखी ते भिंतीइतकेच निर्जीव. वागणुकीत काय बदलले याची नोंद नसेल, तर त्याला एन्रिचमेंट म्हणू नये. वाढदिवसाच्या बर्फाळ केकचे तर मला वावडेच आहे, कारण त्याचा वेळ अस्वलाच्या सोयीने नव्हे, छायाचित्रकारांच्या सोयीने ठरतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील गस हे ध्रुवीय अस्वल 1994 च्या सुमारास तासन्‌तास इंग्रजी आठच्या आकड्याच्या वळणाने पोहत असे. ती हौस नव्हती. बंदिस्त प्राण्यांत दिसणारी तीच ती यांत्रिक हालचाल होती. ठरावीक आवार हे या प्राण्याच्या लहानात लहान नैसर्गिक वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढे असते, असे 2003 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात क्लब आणि मेसन या संशोधकांनी मांडले, तेव्हा याचे नवल वाटू नये. गसवर उपाय करायला आलेले टिम डेस्मंड मूळचे प्राणी-प्रशिक्षक; त्यांनी खाणे शोधायला लावणाऱ्या युक्त्यांच्या जोडीला प्रशिक्षणही वापरले. दोन्ही एकत्र चालू शकतात, फक्त कोणत्या वेळी कोणते चालू आहे हे पाळकाला ठाऊक असावे लागते. गसचे ते पोहणे पुढे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही.