हिरवं पिकलेलं केळं आणि हिरवं कच्चं केळं

मुंबईत केळीवाल्याच्या गाडीवर कधी कधी दोन हिरव्या फण्या शेजारी शेजारी दिसतात. एकीतली केळी आजच शिकरणात घालण्याजोगी असतात, दुसरीतली भाजीची. रंग पाहून उचललं की गल्लत होते. मग उपासाच्या दिवशी तुरट, चिकट केळं हातात येतं. उलट चूक झाली तर वेफर तळताना लगेच काळपट होतात, कारण गरातली साखर तेलात करपते. कच्च्या केळ्यात असतो स्टार्च. पिकताना त्याचीच साखर होते.

पिकलेलं केळं हिरवं राहतं ते उकाड्यामुळे. साल आणि गर दोन्ही पिकणाऱ्या फळातूनच सुटणाऱ्या एथिलीन वायूने पिकू लागतात, पण सालीतलं हरितद्रव्य नीट जायला गारवा लागतो. म्हणून व्यापारी पिकवणखोलीत साधारण १६ ते १८ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा ठेवतात. उघड्यावर २४-२५ अंशांच्या वर कॅव्हेंडिश (बाजारातल्या नेहमीच्या लांब केळ्यांच्या) गटातली केळी आतून मऊ, गोड होतात आणि साल हिरवट राहते. जळगावचं ग्रँड नैन याच गटातलं. वसईकडच्या हरिसालचं तर नावच सालीवरून पडलंय. थंडीतल्या काही रात्री सोडल्या तर मुंबईत एवढा गारवा असतोच कुठे? वेलची (छोट्या केळ्यांची जात) इथल्या उकाड्यातही छान पिवळी होते, पण ती पिवळी दिसताच खाऊ नये. साल पातळ होऊन बारीक ठिपके आले की तिचा तुरटपणा जातो.

निवडताना बरेच जण केळ्याच्या धारा, म्हणजे सालीवरच्या उभ्या कडा, बघतात आणि धार बोथट म्हणजे पिकलं असं समजतात. ते चूक आहे. धारेवरून फळ झाडावर किती भरलं ते कळतं, पिकलं की नाही ते नाही. भरलेलं कच्चं केळंही गोलसर असतं. पिकल्याची खूण देठाशी सापडते. देठाच्या खाली अंगठ्याने अगदी हलकं दाबा: गर दबला आणि गोडसर वास आला तर केळं पिकलेलं. कच्चं दगडासारखं लागतं, त्याचा देठ मोडला तर चीक येतो आणि साल सोलायला गेलं तर तुटून येते. मधोमध मात्र दाबू नका. तिथे काळा डाग पडतो आणि ते केळं मग कुणीच घेत नाही.

धारा कामी येतात त्या कच्ची केळी घरी पिकवायला घेताना. धारा टोकदार असतील तर फळ कोवळं उतरवलेलं आहे. ते पिकण्याऐवजी सुरकुततं आणि चवीला पांचटच राहतं. ते भाजीलाच घ्यावं. भरलेली केळी कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत होतात. रोज एकदा पिशवी उघडा. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर आत पाणी सुटतं आणि फणीच्या बुडाशी बुरशी धरते.

देठ हिरवा आणि अंग पिवळं दिसलं की लोक 'कार्बाइडचं केळं' म्हणतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला भारतात बंदी आहे, आणि ती रास्तच आहे. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक, फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात. पण एथिलीनवर नीट पिकलेलं केळंही पिवळं होताना एका टप्प्यावर असंच दिसतं, देठ आणि टोक शेवटी पिवळं होतं. नुसत्या रंगावरून विक्रेत्यावर आळ घेऊ नये.

हिरवं पिकलेलं केळं उकाड्यात झपाट्याने मऊ पडतं, म्हणून आज-उद्या संपेल एवढंच घ्यावं. उरलं तर फ्रिजमध्ये चालतं. साल काळी पडेल, पण आतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो. कच्चं मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. १३ अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते, साल करडी पडते आणि बाहेर काढल्यावरही ते धड पिकत नाही.