‘प्रत्यक्ष देखरेखीखाली’ : मेडिकल दुकानातील जबाबदारीची पार्श्वभूमी

मेडिकल दुकानाच्या भिंतीवर दोन कागद काचेत लावलेले असतात. एक लायसन्स, दुसरा फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला. पहिल्यावर मालकाचे नाव असते, दुसऱ्यावर फार्मासिस्टचे. काही दुकानांत ही दोन्ही नावे एकाच माणसाची असतात, पुष्कळ दुकानांत नसतात. आणि चिठ्ठी वाचून, खण उघडून, पट्टी कापून गोळ्या ग्राहकाच्या हातात ठेवणारा मुलगा बहुधा या दोघांपैकी कोणीच नसतो. दुकानाचे निम्म्याहून अधिक काम ज्याच्या हातून होते, त्याचे नाव भिंतीवर नाही. तो कायद्यातही जवळजवळ नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर कायद्यांचा क्रम पाहावा लागतो.

सुरुवात भेसळीतून झाली. मलेरियाच्या त्या काळात बाजारात बनावट आणि कमी ताकदीचे क्विनीन इतके फिरत होते, की १९३० मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालात दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या : औषधांवर नियंत्रण आणि औषधे हाताळणाऱ्या व्यवसायाचे नियमन. प्रत्यक्षात त्या सुट्या झाल्या. औषधांचा कायदा १९४० मध्ये आला, त्याचे नियम १९४५ मध्ये. फार्मसी कायद्याला मार्च १९४८ उजाडला. एक कायदा मालाकडे पाहतो, दुसरा माणसाकडे. दोघांची अंमलबजावणी करणारी खाती वेगळी, शिक्षा वेगळ्या आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे भाषाही वेगळी. आज काउंटरवर जो गोंधळ दिसतो, त्यातला बराचसा या ताटातुटीतून आला आहे.

१९४८ च्या कायद्यासमोर पहिली अडचण माणसांची होती. फार्मसीच्या पदवीचे शिक्षण देशात सुरू होऊन दीड दशकच झाले होते. दवाखान्यांत आणि दुकानांत काम करत होते ते कंपाउंडर, म्हणजे मराठी कागदपत्रांतले ‘मिश्रक’. खलबत्ता, तराजू, मोजपात्र, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी, हे सगळे ते हाताखाली शिकले होते. त्यांना बाहेर ठेवले असते तर औषध द्यायला माणूसच उरला नसता. म्हणून पहिल्या नोंदवहीची दारे रुंद ठेवली गेली. पदवी किंवा पदविका असलेले आत आले, कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेले आले आणि नियमितपणे औषधे दिली जाणाऱ्या ठिकाणी किमान पाच वर्षे मिश्रणाचे काम केलेलेही आले. औषध नियमांनी तर ‘पात्र व्यक्ती’ असा स्वतःचा वेगळा वर्ग केला होता. ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत परवाना अधिकाऱ्याने मान्यता दिलेल्या अशा व्यक्ती त्या नियमांपुरत्या नोंदणीकृत फार्मासिस्टच्या बरोबरीने धरल्या गेल्या. या तडजोडीला नंतर बरीच नावे ठेवली गेली. पण त्या पिढीच्या हातांनी देशभर औषधे पोहोचवली, हे विसरून चालणार नाही.

मिश्रकाचा पुढे ‘औषधनिर्माता’ झाला. हा शब्द मराठीत आजही अडचणीचा आहे. औषध बनवणारी कंपनीही औषधनिर्माती आणि तयार पट्टी देणारा माणूसही औषधनिर्माता. १९४८ मध्ये हे नाव फारसे चुकीचे नव्हते, कारण मिश्रणे खरोखर दुकानात बनत. कारखान्यातून पट्टीबंद गोळ्या येऊ लागल्या तशी निर्मिती दुकानातून गेली आणि नाव मागे राहिले. त्याचा परिणाम नुसत्या भाषेपुरता राहिला नाही. ‘इथे काही बनतच नाही, मग बनवणारा माणूस कशाला?’ हा दुकानदारांचा युक्तिवाद या नावावरच उभा आहे. चिठ्ठीतली मात्रा तपासणे, दोन औषधे एकमेकांत बिघाड करतील का ते पाहणे, रुग्णाला कसे घ्यायचे ते सांगणे, ही खरी कामे त्या नावात कुठेच दिसत नाहीत.

शिक्षेचे कलम ४२ फार्मसी कायद्यात पहिल्यापासून होते, पण ते कधी लागू करायचे हे राज्यांवर सोडले होते. अनेक राज्यांनी तारीख लांबवली. शेवटी दुरुस्त्यांनी ठरले, की राज्याने तारीख ठरवली नसेल तर १९७६ ची दुरुस्ती लागू झाल्यापासून आठ वर्षे संपताच कलम आपोआप लागू होईल. ती मुदत सप्टेंबर १९८४ मध्ये संपली. म्हणजे ‘नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणीही चिठ्ठीवरचे औषध देऊ नये’ हे वाक्य छापले गेल्यापासून देशभर बंधनकारक व्हायला ३६ वर्षे लागली. एवढ्या काळात दुकानांची घडी बसून गेली होती : मालक गल्ल्यावर, दोन मुले खणांपाशी आणि फार्मासिस्ट कागदावर.

आता मुख्य गुंता. कलम ४२ म्हणते, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणीही तयार करू नये, मिसळू नये, देऊ नये. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध देणे यातून वगळले आहे. पण ‘फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दुसऱ्याने दिले तर चालेल’ असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. याउलट औषध नियमांमधला नियम ६५ म्हणतो, की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. काउंटरवरच्या मुलाचे, म्हणजे मदतनिसाचे सगळे अस्तित्व या एका ‘किंवा’वर तोललेले आहे. एका कायद्यात त्याला जागा नाही, दुसऱ्याच्या नियमात आडून आहे.

बरे, देखरेख म्हणजे काय, हे नियम सांगत नाहीत. फार्मासिस्ट त्याच काउंटरवर हवा, की आतल्या खोलीत असला तरी चालेल? एकाच वेळी चार मदतनीस चार ग्राहकांना औषधे देत असतील तर चौघांवर एका माणसाची देखरेख खरी म्हणायची का? मदतनिसाला किमान शिक्षण हवे का? घाऊक विक्रीच्या बाबतीत नियम अधिक स्पष्ट आहेत. तिथे फार्मासिस्ट नसेल तर मॅट्रिक आणि चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असलेली ‘सक्षम व्यक्ती’ लागते. खोकी मोजून दुकानदाराला विकणाऱ्यासाठी पात्रता लिहिलेली आहे आणि आजारी माणसाच्या हातात गोळी ठेवणाऱ्या मदतनिसासाठी काहीच नाही. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुखरी जागा वाटते.

देखरेखीचा नियमांना दिसणारा एकच पुरावा आहे, तो म्हणजे सही. चिठ्ठीवर दिलेल्या औषधाच्या नोंदीवर, ज्याने किंवा ज्याच्या देखरेखीखाली औषध दिले गेले त्या फार्मासिस्टची सही हवी. तयार पट्ट्यांसाठी हीच नोंद बिल बुकात चालते. त्यामुळे देखरेख म्हणजे सही असा सोयीचा अर्थ रूढ झाला आणि कोऱ्या बिल बुकावर आधीच सह्या करून ठेवण्याची रीत आली. तपासणीला आलेला ड्रग इन्स्पेक्टर बिलावरची सही आणि त्या क्षणी दुकानात हजर असलेला माणूस यांचा मेळ घालतो, तो याच कारणाने.

चूक झाली तर अंगावर कोणाच्या येते? लायसन्स मालकाचे, म्हणून परवाना निलंबित किंवा रद्द होण्याचा फटका त्याला. त्यावर अपील राज्य शासनाकडे. कलम ४२ मात्र ‘जो कोणी’ उल्लंघन करील त्याला शिक्षा सांगते. म्हणजे सरळ वाचले तर औषध देणारा मुलगाही आरोपी ठरू शकतो. फार्मासिस्टची भीती निराळी आहे : फार्मासिस्टांची नोंदणी पाहणाऱ्या राज्य परिषदेने नोंदवहीतून नाव काढणे. त्यासाठीच्या कलम ३६ मध्ये मदतनीस अखेर सापडतो. फार्मासिस्टच्या हाताखालच्या माणसाला अपराधासाठी शिक्षा झाली किंवा व्यवसायाला काळिमा लावणारे वर्तन त्याच्याकडून घडले, तर तेही फार्मासिस्टचे नाव काढण्याचे कारण होऊ शकते. मात्र फार्मासिस्टची त्यात फूस किंवा मूक संमती होती का, अशा अटी जोडलेल्या आहेत. फार्मसी कायद्यात हाताखालच्या माणसाची दखल घेतली जाते ती अशी, दुसऱ्यावरच्या कारवाईचे कारण म्हणून.

दुकानाच्या नावांचीही नियमांत वर्गवारी आहे. फार्मासिस्ट लागत नाही ते ‘ड्रगस्टोअर’. फार्मासिस्ट आहे पण मिश्रणाची सोय नाही ते ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. दोन्ही असेल तरच ‘फार्मसी’. पाट्यांवर हा भेद कोणी पाळत नाही आणि लोक सगळ्यांनाच मेडिकल म्हणतात.

महाराष्ट्रात हा विषय खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला तो २०१२ मध्ये. राज्याच्या औषध प्रशासनाने ‘फार्मासिस्ट हजर नसेल तर विक्री नाही’ ही भूमिका कडक केली. परवाने निलंबित होऊ लागले आणि दुकानदार संघटना बंदच्या भाषेत बोलू लागल्या. दुकानदारांचे म्हणणे होते, की सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उघड्या दुकानात एक माणूस सतत कसा बसेल, जेवायला किंवा दवाखान्यात गेला तरी गुन्हा का? या म्हणण्यात तथ्य होते. पण दुसऱ्या बाजूचे वास्तव अधिक जड होते. दाखला भाड्याने देण्याचा व्यवहार सर्वांना ठाऊक होता. नाव भिंतीवर, माणूस दुसऱ्या गावी, दुसऱ्या नोकरीत. त्या मोहिमेने हा व्यवहार संपला नाही, तरी ज्या तरुण फार्मासिस्टांना आधी फक्त दाखल्यासाठी विचारले जायचे, त्यांना काउंटरवर बसण्यासाठी विचारले जाऊ लागले.

त्यानंतरचे बदल झपाट्याने आले. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधांची अधिक कडक यादी, लागू झाले. त्यात वरच्या पिढीतली काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आली. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद देतानाच करायची आणि ती तीन वर्षे जपायची, असे बंधन आले. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी फार्मासिस्टला पांढरा कोट, नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला आणि रुग्णाला समजावून सांगण्याचे कर्तव्य दिले. मात्रा, किती दिवस, साठवण, दुष्परिणाम, डोस चुकला तर काय, हे सगळे त्यात आहे. समजावून सांगणे हे काम मदतनिसावर सोपवता येणारे नाही, हे त्यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आले. पर्यायी औषधाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी, तिच्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देऊ नये, हे जुन्या नियमात आहे आणि घटक तोच असलेले दुसऱ्या कंपनीचे औषधही त्या मनाईत येते. काउंटरवरचा मुलगा दिवसातून कितीदा तरी ‘हे नाही, पण तेच आहे’ म्हणतो, त्या प्रत्येक वेळी तो या नियमावर पाय ठेवत असतो.

२०२२ मध्ये बिहारमधल्या बनावट फार्मासिस्टांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकार आणि राज्य परिषद यांची जबाबदारी अधोरेखित केली. पुढच्या वर्षी शिक्षेच्या तरतुदी सौम्य करणाऱ्या व्यापक कायद्यात कलम ४२ ही आले. कैद सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर उतरली, दंडाची कमाल मर्यादा हजार रुपयांवरून थेट दोन लाखांवर गेली. देखरेखीबद्दल त्या कलमात तेव्हाही काही घातले गेले नाही.

दरम्यान काउंटरच दुकानाबाहेर निघाला आहे. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मसुदाच राहिला. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, परवानाधारक दुकानांना चिठ्ठी ईमेलवर घेऊन औषध घरपोच द्यायला केंद्राने परवानगी दिली. एच-वन आणि एक्स या याद्यांतली औषधे आणि अमली औषधे त्यातून वगळली होती. टाळेबंदी उठल्यावर हा आदेश मागे घ्या, अशी मागणी दुकानदार संघटनांनी लावून धरली. २०१२ मध्ये याच बाजूने म्हटले जात होते, की फार्मासिस्ट प्रत्येक क्षणी समोर हवाच असे नाही. आता दारात पिशवी देणाऱ्या माणसामागे फार्मासिस्ट कुठे आहे, असे तीच बाजू विचारते आहे.