ओळख करून देणं आणि गळ्यात मारणं: लिंक तीच, मग पोस्ट का उडते?

मागे मी सबटायटलचं टायमिंग जुळवायचं एक बारकं टूल बनवलं होतं, ब्राउझरमध्येच चालणारं, लॉगिन नाही, पैसे नाहीत, फाईल कुठे अपलोडसुद्धा होत नाही. बनवून झाल्यावर जी खाज सुटते ती सुटलीच, कुणीतरी वापरावं, चार लोकांनी भारी म्हणावं, म्हणून एका संध्याकाळी बसलो आणि सहा कम्युनिटींमध्ये एकच मेसेज चिकटवून टाकला. सकाळी बघतो तर चार ठिकाणची पोस्ट उडालेली, पाचव्या ठिकाणाहून मीच उडालेलो आणि सहाव्या ठिकाणी पोस्ट शाबूत, कारण तिथला ॲडमिन बहुतेक कित्येक महिने फिरकलाच नव्हता.

डोकं जाम फिरलं. अरे, मी काय विकतोय का? फुकट देतोय ना! एका मॉडरेटरला तसं विचारलंही. त्याचं उत्तर एका ओळीचं, "फुकट आहे ते दिसलं, पण तुम्ही इथे याआधी कधी आला होतात?"

आलो नव्हतो. विषय तिथेच संपला.

तर गोंधळ इथे आहे. आपल्या टूलची ओळख करून देणं आणि ते लोकांच्या गळ्यात मारणं या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, लिंक तीच, माणूस तोच, कधीकधी वाक्यंही तीच. आणि बहुतेकांना वाटतं की या दोघांमधली रेघ पैशाची आहे, म्हणजे विकत असेल तर जाहिरात आणि फुकट असेल तर समाजसेवा. मलाही तसंच वाटायचं. पण ही रेघ पैशाची कधीच नव्हती, आणि हे जुन्या काळात डोकावलं की लगेच कळतं.

यूजनेट म्हणजे आजच्या रेडिटचा आजोबा समजा, विषयवार हजारो ग्रुप. तिथे जानेवारी १९९४ मध्ये कुणीतरी जवळपास सगळ्या ग्रुपमध्ये एक मेसेज टाकला की येशू लवकरच येतोय, सावध व्हा. यूजनेटवरचा हा पहिला मोठा स्पॅम मानतात, आणि त्यात विकायला काही म्हणजे काहीच नव्हतं! मग एप्रिलमध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकन वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीचा अर्ज भरून देण्याची जाहिरात हजारो ग्रुपमध्ये ओतली, ती मात्र पैसे घेऊन करायच्या कामाची होती. दोन्ही वेळा लोक खवळले. एकाला धर्म सांगायचा होता, दुसऱ्याला फी हवी होती, पण वाचणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर दोघांनीही एकच केलं, जो ग्रुप कुत्र्यांवर बोलायला जमलाय किंवा बुद्धिबळावर बोलायला जमलाय त्याच्या मधोमध उभं राहून आपलंच घोडं दामटलं.

आता याच्या तीन वर्षं आधीचं बघा. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने त्याच यूजनेटवर मिनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ग्रुपमध्ये लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, नुसता छंद आहे, काही मोठं वगैरे होणार नाही, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं आणि काय आवडत नाही ते सांगा. ही लिनक्सची पहिली घोषणा. गंमत म्हणजे त्यात डाउनलोड करायला काही नव्हतंच, पहिलं व्हर्जन सप्टेंबरमध्ये आलं. म्हणजे फुकट सॉफ्टवेअरची बहुधा सगळ्यात गाजलेली पोस्ट, आणि तिच्यात लिंक नाही, प्रश्न आहे! तोही अशा लोकांना विचारलेला जे रोज मिनिक्स वापरत होते आणि त्याला शिव्याही घालत होते, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तरं होती.

यूजनेटवाल्यांनी नंतर स्पॅम मोजायची एक मोजपट्टीही काढली होती, ब्रायडबार्ट इंडेक्स. एक पोस्ट जितक्या ग्रुपमध्ये एकदम टाकली त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, अशा सगळ्या कॉप्यांची बेरीज करायची, आणि ४५ दिवसांत ती २० किंवा त्याच्या वर गेली की पोस्ट उडवायला मोकळे. मजकूर काय आहे हे बघायचंच नाही, फक्त किती ठिकाणी. नऊ ग्रुपमध्ये एकच पोस्ट एकदम टाकली तर स्कोअर ३, पण तीच नऊ वेळा वेगवेगळी चिकटवली तर ९. मी माझ्या त्या संध्याकाळचा हिशोब लावला तर स्कोअर आला ६, म्हणजे त्या काळी मी चक्क निर्दोष सुटलो असतो :) पण आज कुणी वर्गमूळ काढत बसत नाही, आज मॉडरेटर तुमचं प्रोफाइल उघडतो आणि दोन स्क्रोलमध्ये त्याला समजायचं ते समजतं.

बरं, हे सगळं हवेतलं वाटत असेल तर दोन पोस्ट शेजारी शेजारी ठेवतो, दोन्ही माझ्याच. पहिली त्या संध्याकाळची: "सबटायटल सिंकच्या कटकटीला आता बाय बाय! शंभर टक्के फ्री ऑनलाइन टूल, एका क्लिकमध्ये परफेक्ट सिंक, आजच ट्राय करा आणि मित्रांना शेअर करा", खाली लिंक आणि तीन रॉकेट. आज वाचताना कसंतरीच होतं. कोण लिहितंय ते नाही, कशासाठी चालतं आणि कशासाठी नाही ते नाही, आणि मुख्य म्हणजे हे वाचून कुणी काही उत्तर द्यावं अशी जागाच नाही.

दुसरी पुष्कळ महिन्यांनी लिहिलेली, आणि ती पोस्ट नव्हतीच, एका प्रश्नाखालचं उत्तर होतं. एकाने विचारलं होतं की माझं सबटायटल सुरुवातीला बरोबर असतं पण शेवटाकडे खूप मागे पडतं, दहा सेकंद सरकवलं की सुरुवात बिघडते, काय करू. मी लिहिलं की हे सरकवून सुटणार नाही, कारण तुमची अडचण फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्या आकड्याची दिसतेय, सबटायटल २३.९७६ च्या व्हिडिओवरून बनवलेलं असणार आणि तुमचा व्हिडिओ २५ चा, म्हणजे व्हिडिओ साधारण सव्वाचार टक्के जास्त वेगाने पळतोय, दीड तासाच्या व्हिडिओत शेवटी पावणेचार मिनिटांच्या वर फरक पडतो. प्रत्येक वेळेला २३.९७६ ने गुणून २५ ने भागा, काम झालं, स्प्रेडशीटमध्ये पण होतं. सबटायटल एडिट नावाच्या प्रोग्रॅममध्येही ही सोय आहे. आणि हे ब्राउझरमध्ये करणारं एक टूल मी स्वतः बनवलंय, हवं असेल तर ही लिंक.

टूल तेच, लिंक तीच. पण दुसऱ्या उत्तरातून लिंक कापून टाकली तरी विचारणाऱ्याचं काम होतं, पहिल्यातून लिंक कापली तर मागे तीन रॉकेट उरतात. मला विचाराल तर हीच सगळ्यात सोपी कसोटी, पाठवायच्या आधी लिंकवर बोट ठेवून झाका आणि उरलेलं वाचून बघा.

आणि त्यात "मी स्वतः बनवलंय" हे जे आहे ना, त्यावर जरा थांबतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. भीती अशी असते की माझं आहे म्हटलं तर लोक जाहिरात समजतील, मग माणूस लिहितो "काल सहज सर्च करताना हे टूल सापडलं, फार उपयोगी आहे, कुणी वापरलंय का?" आणि मग दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःच उत्तर देतो, हो हो मी वापरतो, एकदम मस्त! याला इंग्रजीत ॲस्ट्रोटर्फिंग म्हणतात, ॲस्ट्रोटर्फ हा प्लॅस्टिकच्या गवताचा ब्रँड, म्हणजे मुळातून उगवलंय असं भासवायचं पण हाताला लागतं ते प्लॅस्टिक. हे पकडलं जातं, आणि बहुतेक वेळा फार लवकर, कारण ज्या अकाउंटने आयुष्यात तीनच कॉमेंट केल्यात आणि तिन्ही एकाच टूलबद्दल आहेत ते अकाउंट दिवाभीतासारखं लपून राहू शकत नाही. एकदा पकडले गेलात की मग टूल कितीही चांगलं असो, नावाखाली कायमचं ते चिकटतं.

उलट सरळ सांगितल्याने नुकसान होतं असं मी तरी पाहिलेलं नाही. एप्रिल २००७ मध्ये ड्रॉपबॉक्स ही ऑनलाइन फाईली ठेवायची सेवा बनवणाऱ्या ड्रू ह्यूस्टनने हॅकर न्यूज या प्रोग्रॅमर मंडळींच्या साइटवर डेमोचा व्हिडिओ टाकला तेव्हा शीर्षकातला पहिला शब्दच "माझं" होता. खाली लगेच एकाने ऐकवलं की हे तर लिनक्सवर एफटीपी वगैरे जोडून आपलं आपण करता येतं, ती कॉमेंट आजही लोक चवीने वाचतात. ह्यूस्टनने तिथेच खाली उत्तरंही दिली. म्हणजे माझं म्हटलं की टीका येणार, येऊ द्यावी, ती फुकटची टेस्टिंग आहे आणि फुकट ते पौष्टिक.

जागेजागेचे नियम वेगळे असतात पण रोख सगळीकडे हाच. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःच्या प्रॉडक्टचा उल्लेख चालतो, पण संबंध उत्तरातच सांगावा लागतो, प्रोफाइलमध्ये लिहिलंय म्हणून भागत नाही. हॅकर न्यूजवर "शो एचएन" नावाची खास सोय आहे, पण तिथे लोकांना प्रत्यक्ष वापरून बघता येईल अशी वस्तू लागते, नुसतं ईमेल मागणारं पान चालत नाही, आणि मित्रांना अपवोट करायला सांगणं तर बिलकुल नाही. रेडिटवर बरीच वर्षं दहाला एकचा अंदाज चालायचा, म्हणजे दहातली एखादी पोस्ट स्वतःची आणि बाकीच्या इतरांसाठी. आता सबरेडिटप्रमाणे, म्हणजे तिथल्या विषयवार ग्रुपप्रमाणे नियम बदलतात, काही ठिकाणी आठवड्यातला ठराविक दिवस असतो, काही ठिकाणी वेगळा थ्रेड. टेलिग्राम, डिस्कॉर्डवर तर सरळ ॲडमिनला आधी विचारायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

काही जण म्हणतात की लोकांनी क्लिक नाही केलं तरी चालेल, लिंक राहिली की गूगलमध्ये वर येईल. हा हिशोबही बराच जुना झाला. लोक कॉमेंटमध्ये लिंका पेरायला लागले म्हणूनच जानेवारी २००५ मध्ये गूगलने नोफॉलो आणलं, म्हणजे ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका अशी खूण, आणि २०१९ मध्ये यूजर्सनी टाकलेल्या लिंकांसाठी यूजीसी नावाचा वेगळा टॅग आला. मोठ्या कम्युनिटी साइट्सवर असली काहीतरी खूण लागलेलीच असते, तेव्हा तुम्ही चाळीस ठिकाणी पेराल तरी उगवणार काही नाही, फक्त चाळीस मॉडरेटरांना तुमचं नाव पाठ होईल.

मधली धूसर जागाही आहे, नाही असं नाही. पाच वर्षं जुना थ्रेड, प्रश्न अगदी तुमच्या टूलचाच, उत्तर द्यावं का? मी म्हणतो की खालची जुनी उत्तरं आज चालत नसतील तर द्यावं, चालत असतील तर मेलेला थ्रेड वर आणू नये. कुणी प्रश्न विचारला म्हणून त्याला डायरेक्ट मेसेजमध्ये लिंक पाठवणं? माझ्या मते हे गळ्यात मारणंच, कारण चारचौघांत लिहिलं की चुकीचं असेल तर दुसरा कुणी खोडून काढतो, आणि इनबॉक्समध्ये तो धाक नाही.

आणि फुकट म्हणताना ग्यानबाची मेख कुठे आहे ते आपणच आधी सांगावं, कारण लोक ती शोधणारच आहेत. फाईल सर्व्हरवर जाते का, जाहिराती आहेत का, पुढे पैसे लावायचा विचार आहे का, कोड उघडा आहे का. फुकट आणि ओपन सोर्स हे एकच नाही, यावरून कॉमेंटमध्ये नेहमी धुळवड होते. मी चार ओळी लिहून ठेवल्यात, त्यातली एक अशी की मी हे एकटा चालवतो, कंटाळलो तर बंद होईल. ही ओळ वाचून दोघांनी टूलचा कोड आपल्याकडे कॉपी करून ठेवला.

त्या फ्रेमरेटवाल्याने तीन दिवसांनी लिहिलं की टूल त्याच्या फाईलवर आपटतंय. बघितलं तर वेळांमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविरामाच्या जागी टिंब होतं, सबटायटल फाईलचे दोन प्रकार, एसआरटीत स्वल्पविराम असतो आणि वेबव्हीटीटीत टिंब, त्याच्या फाईलमध्ये कुणीतरी दोन्हीची खिचडी केली होती. रात्री बसून दोन्ही चालतील असं केलं आणि त्याच्याखालीच लिहिलं की आता बघा. परवा दुसऱ्या एका प्रश्नाखाली त्याने स्वतःहून माझी लिंक दिलेली दिसली, वर लिहिलेलं की यात सगळं होतं. मी खाली एवढंच टाकलं की टूल माझं आहे, आणि सगळं होत नाही, एमकेव्ही प्रकारची व्हिडिओ फाईल थेट चालत नाही, त्यातलं सबटायटल आधी वेगळं काढावं लागतं.